मिठाची वही

मे महिना लागला आणि वरच्या कुरणांकडं जाणारा रस्ता बर्फातून मोकळा झाला, की उमसुनायला कचेरीत करमेनासं व्हायचं. दाराला कुलूप लावून ती काल्चाच्या दुकानात जाऊन बसायची. काल्चा तिला खिडकीजवळचं स्टूल द्यायची, वाडगाभर चहा द्यायची, आणि मग दोघींच्या गप्पांना अंत नसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, सरकारी बाई आहे, कामाच्या नावानं शून्य, बसलीय चहा ढोसत. खरं तर सबंध वर्षातलं तिचं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या स्टुलावरच चालायचं. उन्हाळाभरासाठी मेंढ्या घेऊन वर जाणारा प्रत्येक जण काल्चाकडून मीठ भरायचा. कोणी किती पोती उचलली, ते उमसुनाय बघून ठेवायची.

हा उद्योग का, ते सांगितलं पाहिजे. कोक-आरिक गावात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "जनावरं-माणसं खुशाल ना?" जनावरं आधी, माणसं नंतर, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण जनावरं किती, हे विचारायचं नसतं. ते विचारणं म्हणजे एखाद्याच्या बायकोचं वय विचारण्यासारखं. कळपाचा आकडा मोठ्यानं उच्चारला की डोंगरातल्या लांडग्यालाही ऐकू जातो, असं जुनी माणसं सांगायची. नवी माणसं लांडग्यावर हसतात, पण आकडा तीही सांगत नाहीत, कारण दर जनावरामागं चराईपट्टी बसते. अशा गावात बिचाऱ्या उमसुनायची नोकरी काय, तर जिल्हा सांख्यिकी कचेरीत जनावरांचा तक्ता भरायचा. म्हणजे विचारायचं नाही तेवढंच नेमकं विचारायचं, आणि पगार घ्यायचा.

ती नोकरीला लागली तेव्हा सामुदायिक शेती होती. तेव्हाचे साहेब वरच्यांना खूश करायला कागदावर मेंढ्या वाढवायचे. पुढं राज्य बदललं, मेंढ्या घरोघर वाटल्या गेल्या, आणि मग लोक पट्टी चुकवायला कागदावर मेंढ्या घटवायला लागले. "खऱ्या मेंढीच्या नशिबात कागदावर यायचं नाहीच," असं उमसुनाय म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. ठेंगणी, अंगानं भरलेली, डोक्याला कायम निळा रुमाल. नवरा तरुणपणीच दरीत ट्रक उलटून गेला, मूलबाळ झालं नाही. पण रडतराऊ म्हणून कोणी तिच्याकडं बोट दाखवलं नाही. लग्न असो की मयत, कोणाच्या ताटात मांसाचा कुठला तुकडा जायचा हे तिला विचारल्याशिवाय गावात पातेलं उघडत नसे.

तक्ता भरायची तिची रीत सोपी होती. घरी जायचं, चहा घ्यायचा, पोरासोरांची चौकशी करायची आणि उठता उठता म्हणायचं, "मग, मागच्या वर्षीएवढंच लिहू ना?" घरधनी म्हणायचा, "लिही, लिही. थोडं कमीच." संपलं काम. तिच्या थोरल्या भावाच्या, ओरोझअलींच्या नावापुढं वीस वर्षं दीडशेचाच आकडा चालला होता. तिच्या स्वतःच्या सव्वीस मेंढ्या भावाच्याच कळपात चरायच्या. त्या कागदावर नऊ होत्या. सगळं गाव खोटं बोलत असताना आपणच एकटीनं खरं बोलून दिमाख दाखवायचा, हे तिला बरं वाटेना.

पण खरं काय ते कुठंतरी असलंच पाहिजे, हीही तिची खोड. म्हणून मिठाची वही. मेंढीला मीठ मिळालं नाही तर ती दगड चाटते, एकमेकींची लोकर खाते आणि मिठाच्या शोधात भरकटते. त्यामुळं कितीही चिक्कू मेंढपाळ असला तरी मिठात हात आखडत नाही. वीस मेंढ्यांमागं उन्हाळ्याला एक पोतं, हा हिशेब गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. "माणूस सरकारशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल," उमसुनाय काल्चाला सांगायची, "पण मेंढीशी नाही बोलायचा." काळ्या मेणकापडाच्या पुठ्ठ्याची वही, खणात, जादा रुमालाच्या खाली. एक पान, एक वर्ष. कचेरीच्या तक्त्यात गावाच्या मेंढ्या चार हजार. मिठाच्या वहीत अकरा हजार. चार हजार राजधानीला जायच्या आणि अकरा हजार खणात राहायच्या. उमसुनायला त्या वहीचा मनातून फार अभिमान होता. सगळ्या खोऱ्यात खरा आकडा आपल्या एकटीकडं आहे, ही गोष्ट तिनं चौतीस वर्षं जिवापाड जपली.

गेल्या ऑगस्टमध्ये राजधानीतून, बिश्केकहून, मेरिम आली. सत्तावीसेक वर्षांची, सडपातळ, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात पाटीएवढा संगणक. राष्ट्रीय आकडेवारीत आता नवं काहीतरी होणार होतं, आणि त्याच्या पहिल्या फेरीत नमुना म्हणून कोक-आरिकच्या वरचं तुया-बेल कुरण निवडलं होतं. उमसुनायनं तिला चहा दिला, मलई दिली, ब्रेड मोडून पुढं केला आणि विचारलं, "म्हणजे नेमकं करायचं काय, पोरी?"

"एजे, आत्तापर्यंत काय व्हायचं, तुमचा तक्ता वेगळा," मेरिम म्हणाली. एजे म्हणजे थोरली ताई. "माणसानं जमिनीतून काय घेतलं, किती जनावरं, किती लोकर, किती गवत, ते त्यात. आणि रान किती, कुरण किती, ते कसल्या अवस्थेत आहे, हे दुसऱ्याच लोकांच्या कपाटात. दोघांची गाठ कधी पडायची नाही. आता दोन्ही एका पानावर मांडायचं. हातात काय आलं आणि मागं काय उरलं."

"हे बरं आहे की," उमसुनाय म्हणाली, आणि तिला ते खरंच बरं वाटलं. तिची आजी रात्रीच्या जेवणानंतर पिठाच्या डब्यात हात घालून बघायची. पोटात किती गेलं यापेक्षा डब्यात किती राहिलं यावर तिची झोप ठरायची.

"आणि गंमत सांगू? तुमच्या इथलं पान इतकं सुरेख जुळलंय की मी सगळ्यांना दाखवत सुटलेय." मेरिमनं पाटी वळवली. तुया-बेलचा नकाशा होता, हिरवागार. "उपग्रहातून बघितलंय. दहा वर्षांत हिरवाई वाढलीय. आणि तुमच्या तक्त्यात मेंढ्या चारच हजार. मेंढ्या कमी म्हणून कुरण सुधारलं. किती साधं! दोन्ही आकडे एकमेकांना साक्ष देतात."

उमसुनायनं हातातला ब्रेड खाली ठेवला. चौतीस वर्षांच्या नोकरीत दोन तक्ते पहिल्या झटक्यात जुळलेले तिनं कधी पाहिले नव्हते. जुळले म्हणजे दोन्हीकडं घोळ आहे, हा तिचा अनुभव.

"मग आता?" तिनं विचारलं.

"आता काय, चांगलंच झालं. तुया-बेलवर अजून सहा हजार मेंढ्या मावतील असं निघतंय. खिंडीपलीकडच्या लोकांची कुरणं कोरडी पडलीत ना, पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांचे कळप इकडं आणायचं चाललंय. हे पान पक्कं झालं की हुकूम निघेल. एक सप्टेंबरच्या आत तुमची सही हवी. इथं, खाली."

मेरिम बिचारी खुशीत होती. उमसुनायनं तिच्या वाडग्यात पुन्हा चहा ओतला.

सहा हजार मेंढ्या. आहेत त्यांनाच पुरेनासं झालं होतं, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं इतकंच. सही केली तर तुया-बेल संपलं. आणि सही करायची नाही, तर का नाही ते सांगावं लागणार. ते सांगायचं म्हणजे सगळ्या गावाला उघडं पाडायचं, त्यात पहिला नंबर सख्ख्या भावाचा, आणि स्वतःची चौतीस वर्षांची सही खोटी होती हे लिहून द्यायचं. तिला भीती वाटली. इतकी, की त्या दिवशी काल्चाच्या दुकानावरून जाताना ती आत डोकावलीसुद्धा नाही.

नकाशाचं काम सोपं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन घोडी मागून आणली आणि म्हणाली, "चल, तुझी हिरवाई बघून येऊ." गुडघे धरल्यामुळं ती स्वतः तीन वर्षांत वर गेली नव्हती. दुपारपर्यंत चढण चढून दोघी तुया-बेलवर पोचल्या. मेरिम उतरली, आनंदानं त्या हिरव्यात दोन पावलं गेली आणि किंचाळली. तिच्या पायजम्याला चारी बाजूंनी काटे लागले होते.

"हे आल्तिगाना," उमसुनाय घोड्यावरूनच म्हणाली. "काटेरी झुडूप. चांगलं गवत मुळापासून खाल्लं गेलं की त्याच्या जागी हे येतं. मेंढी तोंड लावत नाही."

खरंच, उतारावरचा एक कळप त्या हिरव्याला वळसा घालून खालच्या पिवळट, खुरटलेल्या पट्ट्यात दाटीवाटीनं चरत होता. उमसुनायनं जरा वेळ आजूबाजूला पाहिलं. तीन वर्षांपूर्वी झुडपं ओढ्यापलीकडं होती. आता अलीकडं आली होती.

मेरिम काटे काढत म्हणाली, "पण नकाशावर हे सगळं कुरणच दिसतंय, तेही उत्तम."

"वरून बघणाऱ्याला काटा टोचत नाही ना, बाळा."

मेरिम हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. पोरगी हुशार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरळ होती. झुडपांचे फोटो काढून, जागा टिपून झाल्यावर ती एका दगडावर बसली. "नकाशा मी दुरुस्त करीन, एजे. चरण्याजोगं कुरण जवळजवळ निम्मं घटलंय. पण मग पान जुळत नाही. एवढ्या मोठ्या कुरणाची चार हजार मेंढ्यांनी अशी दशा कशी होईल? राजधानीत हेच विचारतील. म्हणतील, पाऊस कमी पडला असेल, झुडपं काढा आणि कळप पाठवा." मग उमसुनायकडं न बघताच म्हणाली, "मेंढ्यांचा आकडा तुमचा आहे. मी काही विचारत नाही."

ओरोझअलींचा तंबू तिथून अर्ध्या तासावर. वहिनीनं दोघींना आत घेतलं, घोडीच्या दुधाचा आंबूस कुमिस दिला. ओरोझअली संध्याकाळी आले. सहासष्ट वर्षांचा उंच, वाळका माणूस, पांढरी दाबलेल्या लोकरीची टोपी, बोलणं मोजकं. आईबाप गेले तेव्हा उमसुनाय अकरा वर्षांची होती. हिला ह्यांनीच वाढवलं, शिकायला पाठवलं, ती विधवा झाली तेव्हा न बोलता तिच्या मेंढ्या आपल्या कळपात घेतल्या. खोऱ्यात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांचा कळप सगळ्यात मोठा, दर मे महिन्यात वीस पोती मीठ.

मेरिम झोपायला गेल्यावर बोलायला हवं होतं, पण उमसुनायला तेवढा धीर नव्हता. उजेड असतानाच तिनं भावाला बाहेर बोलावलं आणि सहा हजार मेंढ्यांची गोष्ट सांगून टाकली.

"येऊ दे की," ओरोझअली म्हणाले. "कागदावरच्या गोष्टी. आजवर कागदावरचं काय खरं झालंय?"

"हे होणार, बायके," थोरल्या भावाला म्हणायच्या शब्दानं हाक मारत ती म्हणाली. "माझ्या सहीनं होणार. आपला खरा आकडा गेला तरच थांबेल. तुम्ही आधी सांगा, मग सगळे सांगतील."

"दीडशे. तूच लिहितेस ना दरवर्षी?"

"चारशे आहेत तुमच्या."

"कोण म्हणतं?"

"मीठ म्हणतं."

ओरोझअली तिच्याकडं वळले. "तू माझं मीठ मोजतेस?"

"सगळ्यांचं मोजते. चौतीस वर्षं."

"आणि आम्ही समजायचो, पोरगी चहा प्यायला बसते." ते हसतील असं तिला वाटलं; हसले नाहीत. चेहरा राखेसारखा झाला. "आपल्या माणसांच्या पाठीमागं वही ठेवलीस, उमसुन. शोभलं नाही." आणि ते घोड्यावर बसून निघून गेले. उमसुनायच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणापासून त्यांनी तिच्यावर हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता, आणि आज शोभलं नाही म्हणाले. ते तिला झोंबलं, कारण तिलाही मनातून तसंच वाटत होतं.

सकाळी मेरिम ओढ्यावर तोंड धुवायला गेली तशी वहिनीनं उमसुनायच्या बाहीला धरून तिला तंबूच्या मागं नेलं. ताडपत्री उचलली. खाली मिठाची पोती होती, तोंडं शिवलेली, ओल खाऊन दगड झालेली. एकावर एक, कमरेइतकी.

"जेंगे, हे काय?" तिनं वहिनीला विचारलं.

"तीन वर्षांचं आहे," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली. "मेंढ्याच नाहीत तर खाणार कोण? शरद ऋतूत खाली उतरायची वेळ आली की नुसती हाडं-कातडं. पोटात काही नाही, मग थंडी कशी काढणार? दोन फेब्रुवारी लागोपाठ, सकाळी गोठ्यात जावं तर वीस-वीस आडव्या. कुत्र्यांना ओढायला नको म्हणून तुझा भाऊ एकटा जाऊन पुरायचा. आणि मे महिना आला की दुकानातून पुन्हा वीस पोती. मी म्हटलं, अहो कशाला? तर म्हणे, कमी घेतलं तर लोकांना कळेल."

उमसुनाय त्या पोत्यांवर हात ठेवून उभी राहिली. माणूस मेंढीशी खोटं बोलत नाही, एवढंच तिनं पाहिलं होतं. मिठातसुद्धा खोटं बोलता येतं, आणि तेही वाढवून, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खोऱ्यातला एकमेव खरा आकडा म्हणून जी वही जपली, ती तीन वर्षं भावाचा अभिमान लिहून घेत होती.

त्या दोघी पुढं आल्या तेव्हा ओरोझअली मेंढ्यांच्या वाड्याशी उभे होते. कधी परतले कोणाला कळलं नव्हतं. वहिनीच्या हातातली ताडपत्रीची दोरी त्यांनी पाहिली आणि सगळं समजले. मग त्यांनी वाड्याचं फाटक एका मेंढीपुरतं उघडलं, मांडी आडवी लावली आणि बहिणीला म्हणाले, "ये इथं."

मेंढ्या एकेक करून बाहेर पडू लागल्या. उमसुनायनं फाटकाकडं येता येता वाटेतले खडे वेचून एका खिशात भरले होते. दर दहा मेंढ्यांना एक खडा या खिशातून त्या खिशात. बोलायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत. मेरिम थोडी लांब उभी राहिली, पाटी काखेत मिटून. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच समजलं.

सोळा खडे झाले आणि वर आठ मेंढ्या. फाटक रिकामं झालं. एकशे अडुसष्ट. उमसुनाय अजून आत बघत होती, आणखी कुठं असतील म्हणून. नव्हत्या.

मोजताना तिच्या एक लक्षात आलं होतं. उजव्या कानाला दोन काप, ही तिच्या मेंढ्यांची खूण. काही कोवळ्या माद्यांच्या कानाला ते दोन काप होते, पण कापांच्या कडा ताज्या होत्या, आणि त्या माद्यांची तोंडं होती काळी. काळ्या तोंडाची मेंढी तिची कधीच नव्हती. ती जात भावाची.

"बायके, यात माझ्या किती?"

"सव्वीस. तुझ्या सव्वीस होत्या, सव्वीस आहेत."

"माझी एकही मेली नाही? दोन हिवाळ्यांत?"

"तुझ्या मेंढ्या माझ्या भरवशावर होत्या," ओरोझअली म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

म्हणजे तिच्या मेलेल्या आपल्यातून भरून देऊन त्यांच्या स्वतःच्या उरल्या एकशे बेचाळीस. कागदावर दीडशे. वीस वर्षं घटवून सांगितलेला आकडा, आणि खरं त्याच्याही खाली गेलं होतं. उमसुनायला रडू फुटलं. मोठ्या बाईनं असं फाटकाशी उभं राहून रडू नये, पण ती रडली, आणि ओरोझअली तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

"लिही," ते म्हणाले. "पण मोठ्यानं वाचू नकोस."

मग ते स्वतःच तिच्याबरोबर निघाले. नऊ दिवस, एकेका तंबूला. जाऊन कोणाशी वाद घातला नाही. घोड्यावरून उतरायचं, जनावरं-माणसं खुशाल ना विचारायचं, आणि वाड्याच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. ओरोझअली उभे आहेत म्हटल्यावर घरधनी काय ते समजायचा. जरा घुटमळायचा, डोकं खाजवायचा, आणि फाटक उघडायचा. एकानं फक्त विचारलं, "तुमच्या मोजल्या?" ओरोझअलींनी मान हलवली. त्या नऊ दिवसांत एकही आकडा कोणाच्या तोंडून बाहेर पडला नाही. मात्र आणखी चार तंबूंच्या मागं उमसुनायला शिवलेल्या पोत्यांच्या थप्प्या दिसल्या. चार बायकांनी तिला वेगवेगळं गाठून बजावलं, की आमच्या घरचं कोणाला सांगू नका हं.

बेरीज झाली सात हजार दोनशे. चार हजार नाहीत, अकरा हजारही नाहीत.

एकतीस ऑगस्टला उमसुनायनं जुन्या पानावर सही केली नाही. नवं पान भरलं आणि त्याला दोन गोष्टी जोडल्या: काळ्या पुठ्ठ्याची वही, आणि स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज. त्यात तिनं कसलाही आडपडदा ठेवला नाही. चौतीस वर्षं मी खोटे आकडे पाठवले, जाणूनबुजून पाठवले, माझ्या स्वतःच्या सव्वीसच्याही नऊ लिहिल्या, असं लिहिलं.

"एजे, हा अर्ज नको ना," मेरिम कळवळून म्हणाली. "वही आहे, नवी मोजणी आहे, तेवढं पुरे. नोकरीवर येईल."

"अगं, वही कुठून आली ते नको सांगायला? वहीच्या जुन्या पानांवर बघ, तेव्हा अकरा हजार होत्या, म्हणून गवत गेलं. आता सात आहेत, कारण गवत गेलं. मधला धागा मी दाबून ठेवला होता. तो दिला नाही तर तुझं पान परत खोटंच जुळेल." आणि पुढं म्हणाली, "वर्ष राहिलंय नोकरीचं. फार तर चहा कचेरीऐवजी घरी पिईन."

नोकरी गेली नाही. ठपक्याचं पत्र आलं, ते तिनं रुमालाखालच्या रिकाम्या जागेत ठेवलं. खिंडीपलीकडचे कळप आणायचं रद्द झालं. त्या लोकांसाठी दुसरीकडं सोय बघायचं ठरलं. तुया-बेलचा वरचा भाग तीन उन्हाळे मोकळा सोडायचा, असं गावानंच ठरवलं, आणि त्या बैठकीत पट्टीवरून भांडणं व्हायची ती झालीच. एवढा बदल काही एका वर्षात होत नाही.

एप्रिलमध्ये छापलेलं पुस्तक टपालानं आलं. मेरिमनं एका पानात कागदाचा तुकडा घालून पाठवला होता. ओरोझअली त्या दिवशी मुद्दाम कचेरीत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "दाखव."

उमसुनायनं पान उघडून दिलं. डावीकडं जनावरं, लोकर, दूध; उजवीकडं कुरण, ओढे, रान. एकच पान.

"यात माझ्या कुठं?"

"ह्या सात हजार दोनशेमध्ये."

त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. वाळकं, भेगाळलेलं बोट. मग हळूच विचारलं, "आणि गेल्या त्या?"

मेलेल्या मेंढ्यांचा रकाना त्या पानावर नव्हता. मग तिनं भावाचं बोट धरलं आणि उजव्या बाजूला नेऊन ठेवलं. तिथं लिहिलं होतं: तुया-बेल, चरण्याजोगं कुरण, घट.

"इथं आहेत, बायके."

ओरोझअलींनी बोट काढलं नाही. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली असावी, कारण त्यांचे ओठ दोनदा हलले.

"नाव नाही लिहिलं," ते म्हणाले.

"नाव लिहीत नाहीत."

"बरं आहे," म्हणून त्यांनी टोपी घातली.

मे महिना आला. काल्चाच्या दुकानासमोर गाड्या लागल्या. वही गेली तरी सवय जाईना, म्हणून उमसुनाय खिडकीजवळच्या स्टुलावर चहा घेऊन बसली होती, आणि सवयीनंच कानामागं पेन्सिल खोवली होती. दुकानात सात-आठ जण होते. ओरोझअली आत आले तसं काल्चानं न विचारताच आतल्या गड्याला हाक मारली, "ओरोझअली बायकेंची वीस पोती काढ रे!" आणि त्यांच्याकडं वळून म्हणाली, "या, या. जनावरं-माणसं खुशाल ना?"

"मीठ नको," ओरोझअली म्हणाले. "तीन वर्षांचं वर पडलंय."

काल्चाचा हात काट्यावरच राहिला. ओरोझअलींनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, मग खिडकीकडं, बहिणीकडं.

"एकशे बेचाळीस," ते मोठ्यानं म्हणाले. "सगळ्या खुशाल आहेत."

उमसुनायनं कानामागची पेन्सिल काढली आणि पिशवीत टाकली. दाराशी टेकलेला एक जण घसा खाकरून पुढं आला आणि काल्चाला म्हणाला, "माझीही पोती जरा कमीच काढ, ताई. सहा पुरेत."